चाकण ते हामामात्सु: घरी बसून शिकलेली जपानी

माझा मावसभाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होता. बी. ई. मेकॅनिकल, गाव सांगलीकडचं, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला जपानमधल्या हामामात्सु शहरातल्या एका कारखान्याची ऑफर आली. रुजू व्हायचं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि अट एकच: त्याआधी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४, म्हणजे खालून दुसरी, पातळी पास झालेली हवी. मी पुण्यात तांत्रिक भाषांतर करते, म्हणजे जपानी ड्रॉइंग आणि तपासणीचे कागद इंग्रजीत आणते. त्यामुळे "ताई, एवढ्यात होईल का गं?" हा फोन मला येणार हे ठरलेलंच होतं.

पुण्यात जपानीच्या वर्गांची वानवा नाही. रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, खासगी क्लास तर गल्लोगल्ली आहेत. पण याच्या शिफ्ट आठवड्याला बदलणाऱ्या; नाइट करून आलेला माणूस सकाळी नऊला क्लासला कसा बसणार? म्हणून घरी, स्वतःच्या जिवावर. मी अधूनमधून वह्या बघायच्या आणि अडलं तर सांगायचं, एवढंच ठरलं. त्याच्या वह्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेले त्याच्या बोलण्याचे तुकडे आणि तिकडे गेल्यावरचं आमचं बोलणं यांतून हे टिपण लिहिलंय. त्याची परवानगी आहे, नाव मात्र नको म्हणाला.

एक खुलासा आधीच करते, कारण याबाबत फार गोंधळ दिसतो. पदवीधर इंजिनीअरच्या व्हिसाला भाषेची परीक्षा कायद्याने लागत नाही. इथली अट कंपनीची होती. 'तोकुतेइ गिनोओ', म्हणजे विशिष्ट कौशल्यांच्या व्हिसावर जाणाऱ्यांना (शुश्रूषा, शेती, बांधकाम वगैरे) मात्र एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही जपानीची दुसरी एक परीक्षा सहसा लागते. जेएफटी-बेसिक संगणकावर होते, २५० पैकी २०० गुण मिळवावे लागतात. जेएलपीटी वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि निकालाला दोनेक महिने. डिसेंबर २०२३ शून्यातून सुरुवात करणाऱ्याला फार लवकरची, आणि ऑक्टोबरला रुजू व्हायचं; म्हणजे याच्यासाठी जुलै २०२४ ची परीक्षा हीच एक खरी संधी होती.

पहिली वही

पहिल्या वहीत डावीकडे रोमन लिपीत जपानी शब्द आणि उजवीकडे इंग्रजी अर्थ आहेत. फोनवरचं ॲप इंग्रजीतून, यूट्यूबवरचे धडे इंग्रजीतून, व्याकरणाचं पुस्तकही इंग्रजीतून. वाक्य मनात यायचं मराठीत, मग त्याचं इंग्रजी करायचं, मग इंग्रजीचा क्रम मोडून जपानी जुळवायची. तीन महिन्यांनी शब्द बरेच पाठ होते, पण "काल बाजारातून आणलेले आंबे खाल्ले" एवढं वाक्य बोलायला त्याला घाम फुटायचा.

त्यातलं एक पान मी जपून ठेवलंय. 'ओरेरु' पुढे 'ब्रेक', 'ओरु' पुढे 'ब्रेक', 'वारेरु' पुढे 'ब्रेक', 'वारु' पुढे 'ब्रेक', 'कोवारेरु' पुढेही 'ब्रेक'. खाली 'ओचिरु' आणि 'ओतोसु', दोन्हींपुढे 'ड्रॉप'. समासात पेन्सिलीने भलंमोठं प्रश्नचिन्ह. त्याला वाटत होतं की जपानी लोकांनी उगाच एकाच गोष्टीला पाच शब्द करून ठेवलेत. मी इंग्रजी खोडलं आणि शेजारी मराठी लिहिलं. काडी मोडते ती ओरेरु, बशी फुटते ती वारेरु, दोरी तुटते ती किरेरु, यंत्र बिघडतं ते कोवारेरु. आपोआप फुटते ती वारेरु, आपण फोडतो ती वारु. पडणे ओचिरु, पाडणे ओतोसु. दिवा लागतो: त्सुकु, दिवा लावतो: त्सुकेरु. थांबणे तोमारु, थांबवणे तोमेरु. निघणे देरु, काढणे दासु.

तो पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर आपलंच आहे." तेव्हापासून दुसरी वही सुरू झाली, आणि तिच्यात इंग्रजी जवळपास नाही.

मराठीने काय दिलं

जपानीत क्रियापद शेवटी येतं, हे कुणीही सांगेल. प्रश्नाला शेवटी 'का' लागतो ही गंमतही प्रत्येक क्लासच्या पहिल्या दिवशी सांगून होते, आणि तिथेच विषय संपतो. खरा फायदा पुढे आहे.

इंग्रजी पुस्तकं जपानी विशेषण-वाक्यांवर अख्खा धडा खर्च करतात, कारण 'काल विकत घेतलेलं पुस्तक' हे त्यांना शेपटाकडून लिहावं लागतं. जपानीत 'किनोओ कात्ता होन': काल, घेतलेलं, पुस्तक. शब्दाला शब्द ठेवा आणि पुढे चला. क्रियापदाच्या 'ते'ने संपणाऱ्या रूपावर तर इंग्रजीतून शिकणारे महिनोन्महिने अडतात. आपल्याकडे ते 'ऊन' आहे. ताबेते मिरु: खाऊन बघणे. शिते ओकु: करून ठेवणे. ताबेते शिमाउ: खाऊन टाकणे. मोत्ते कुरु: घेऊन येणे. बघणे, ठेवणे, टाकणे या क्रियापदांचा मूळ अर्थ पातळ करून दुसऱ्या क्रियापदाला जोडायची ही सवय मराठी माणसाच्या जिभेवर लहानपणापासून असते. इंग्रजीत त्यासाठी तीन-तीन ओळींची स्पष्टीकरणं लिहावी लागतात. 'मला आवडतं', 'मला कळतं', 'मला हवं', 'डोकं दुखतंय' ही वाक्यंसुद्धा जपानीत आपल्याच घडणीची, म्हणजे आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी आणि माणूस बाजूला. 'येतो असं म्हणाला' यातल्या 'असं'च्या जागी 'तो' हा प्रत्यय बसवला की 'कुरु तो इत्ता' तयार.

शिवाय लिंग नाही, वचनाचा काच नाही. एकोणसाठ, सदुसष्ट, अठ्ठ्याऐंशी असले आकडे पाठ केलेल्याला 'पाच-दहा-नऊ' म्हणजे एकोणसाठ हे शिकायला कितीसा वेळ लागणार? मोठ्या रकमांना मात्र थोडी सवय करावी लागते. तिथे एकक 'मान', म्हणजे दहा हजार. जूऊमान म्हणजे लाख, इस्सेनमान म्हणजे कोटी. पगाराचा आकडा याला पहिल्याच दिवशी समजला!

उच्चारात मराठीचा फायदा हिंदीपेक्षाही जास्त. चूल, चाक, चूक यांतला जो 'च' आहे, तोच जपानी 'त्सु'मधला आवाज. चहा, चिंच यांतला 'च' वेगळा, आणि जपानीत तोही आहे. जागा आणि जीव यांतल्या 'ज'चंही तसंच. त्याच्या वहीत 'त्सुकुए'वर (टेबल) बाण काढून 'चुलीतला च' लिहिलेलं आहे. द्वित्वही सोपं गेलं, कारण पता आणि पत्ता यांत फरक करणाऱ्या कानाला 'किते' आणि 'कित्ते' वेगळे ऐकू येतातच.

हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरलिपी, त्याने दोन आठवड्यांत उरकली. त्यामागेही जुनं नातं आहे. 'काना'च्या, म्हणजे या जपानी अक्षरांच्या, तक्त्याचा क्रम बघा: अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीच्या अभ्यासाबरोबर आपल्या वर्णमालेची मांडणी जपानमध्ये नेली, तिचाच हा क्रम. 'ह' मधेच कसा, असं वाटेल; तो फार पूर्वी 'प' होता. म्हणजे त-न-प-म-य-र-व. जपानी शब्दकोशात शब्द शोधताना याला तक्ता कधी पाठ करावा लागला नाही.

चाकणच्या शॉपफ्लोअरनेही हातभार लावला. गेम्बा, काइझेन, मुदा, पोका-योके, कानबान हे कारखान्यातले जपानी शब्द तो रोज वापरतच होता. ५एसचं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्यांचं, पोस्टर तर मशिनसमोरच लावलेलं: सेइरी, सेइतोन, सेइसोओ, सेइकेत्सु, शित्सुके. पोस्टरवरचे हे शब्द रोजच्या वाक्यातही येतात हे कळल्यावर, सेइसोओ म्हणजे साधी झाडलोट, तो पोट धरून हसला होता.

जिथे मराठीचा उपयोग नव्हता

कांजीला, म्हणजे चिनीवरून आलेल्या चित्राक्षरांना, मराठी कामाची नाही. जपानमध्ये रोजच्या वापरासाठी ठरवलेली कांजी २१३६ आहेत. एन४ साठी साधारण तीनशे धरतात; अधिकृत यादी परीक्षा घेणारे देत नाहीत. एकाच चित्राचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार पाहून तो हैराण झाला होता. एवढंच मराठीतून समजावता आलं की सुटं असलं की 'पाणी' आणि जोडशब्दात गेलं की 'जल', तसंच तिथे सुटं 'मिझु' आणि जोडशब्दात 'सुइ': सुइदोओ म्हणजे पाणीपुरवठा, सुइयोओबी म्हणजे बुधवार. उच्चारांचा धाक गेला, पण पाठांतर काही चुकलं नाही. ते अँकी या फ्लॅशकार्डांच्या ॲपवर, कंपनीच्या बसमध्ये, रोज.

काताकानाकडे, म्हणजे परदेशी शब्द लिहायच्या लिपीकडे, त्याने दुर्लक्ष केलं. मूळ शब्द इंग्रजी, म्हणून ते आपोआप येतील असा त्याचा समज. येत नाहीत. कोनसेन्तो म्हणजे भिंतीतला प्लग पॉइंट, कुरेएमु म्हणजे ग्राहकाची तक्रार, बाइकु म्हणजे मोटरसायकलच. आणि व्हर्निअर कॅलिपरला नोगिसु म्हणतात, तो जर्मनमधून आलेला. क्वालिटीच्या माणसाला हे चार शब्द पहिल्याच आठवड्यात लागतात.

आणि ऱ्हस्व-दीर्घ. आपण लिहिताना त्यावरून भांडतो, बोलताना फारसे पाळत नाही. ओ आणि ए यांत तर आपल्याकडे तो भेदच नाही. जपानीत तो अर्थ बदलतो. याचं उदाहरण पुढे येईल.

सगळ्यात मोठं राहिलं ते ऐकणं. खोटं वाटेल, पण परीक्षा ते राहू देते. एन४ ला १८० पैकी ९० गुण लागतात. शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून १२० गुण, त्यांत किमान ३८. ऐकण्याचे ६० गुण, त्यांत किमान १९. बोलण्याची आणि हाताने लिहिण्याची परीक्षाच नाही, सगळे प्रश्न पर्यायी. म्हणजे शिफ्ट करून थकलेला माणूस ज्यात गुण पटपट वाढतात तेच करणार, आणि ते वाचन आणि व्याकरण. कान तयार व्हायला महिने लागतात आणि गुणपत्रिकेवर त्याचं फळ थोडंच दिसतं. मेपर्यंत त्याने पन्नास धड्यांचं प्रचलित पाठ्यपुस्तक दोन्ही भागांसह संपवलं, प्रत्येक धड्याचे स्वाध्याय सोडवले, आणि सोबतच्या ऑडिओतले बरेचसे ट्रॅक एकदाही वाजवले नाहीत. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' मोफत मिळतं, तिकडे राहायला जाणाऱ्यांसाठीच बनवलंय, त्यात कचरा, दवाखाना, दुकान सगळं ऐकायला आहे. मी लिंक पाठवली होती, "परीक्षा झाल्यावर बघतो" म्हणाला.

निकाल आला: १०४. ऐकण्यात २२. घरी पेढे वाटले गेले. मी मात्र त्या बावीसकडेच बघत होते.

हामामात्सु

हामामात्सु हे आठ लाखांच्या आसपास वस्तीचं शिझुओका प्रांतातलं कारखान्यांचं शहर. सुझुकी आणि यामाहा इथल्याच. होंडाची सुरुवातही इथेच झाली. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थांबते, पण सगळ्यात वेगवान नोझोमी न थांबता निघून जाते. १९९० मध्ये कायदा बदलल्यावर जपानी वंशाचे ब्राझिली कामगार इथे मोठ्या संख्येने आले, त्यामुळे शहराची पत्रकं पोर्तुगीजमध्येही निघतात. इंग्रजीवर भागेल असं मात्र समजू नये.

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. अर्जात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, आणि वर्ष राजवटीचं: २०२४ म्हणजे रेइवा ६. हे त्याला माहीत होतं. स्वतःचा पत्ता कांजीत लिहिता मात्र येईना, कारण अँकीवर त्याने चित्रं फक्त ओळखायला शिकली होती, हातातून एकही गेलं नव्हतं. भाडेकरारावर बघून एकेक रेघ काढत त्याने पत्ता उतरवला. काउंटरवरची बाई शांतपणे थांबली होती, असं तो सांगतो.

कारखान्यात पहिल्या सकाळच्या चोओरेइला, म्हणजे कामाआधीच्या उभ्या बैठकीला, त्याला जवळजवळ काहीच कळलं नाही. पाठ्यपुस्तकात सगळे क्रियापदाला अदबीचा 'मास' लावत सावकाश, पूर्ण वाक्यात बोलतात. हानचोओ, म्हणजे गटाचा म्होरक्या, म्हणाला, "कोरे, यात्तोइते." याला वाटलं कुठलं तरी नवीन क्रियापद आहे. ते होतं 'यात्ते ओइते': करून ठेव. त्याच्या वहीत ते 'शिते ओकु'खाली मराठी अर्थासह, तीन वाक्यांत वापरून लिहिलेलं होतं. बोलताना ते आवळलं जातं हे डोळ्यांनी शिकणाऱ्याला कसं कळावं? 'ओचिते शिमात्ता' (पडून गेलं) तिथे 'ओचिचात्ता' होतं, आणि वाक्याच्या शेवटी 'असेल' या अर्थाच्या 'दारोओ'ऐवजी तिकडच्या बोलीतलं 'दारा' येतं. यातलं व्याकरण त्याला एकूण एक येत होतं.

त्यात भर 'हाय'ची. समोरचा बोलत असताना सगळे 'हाय, हाय' म्हणतात, आपल्या 'हं, हं'सारखं. ऐकतोय एवढाच त्याचा अर्थ. हाही तसंच म्हणायला लागला. हानचोओने मात्र ते 'समजलं' असं धरलं आणि एका तपासणीची निम्मी मापं घ्यायची राहून गेली. त्यानंतर त्याला फुकुशोओची सवय लावली गेली: सूचना मिळाली की ती आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायची. माझ्या मते त्याला मिळालेला जपानीचा सर्वांत चांगला धडा हाच. ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी, चूक जागीच दुरुस्त, आणि लाज वाटायचं कारण नाही, कारण तिथला जपानी नवशिकाही तेच करतो. चाकणला कुणाबरोबर फोनवर रोज पाच मिनिटं हे केलं असतं तर ते बावीस बावीस राहिले नसते.

दीर्घ स्वराचं उदाहरण इथलंच. कोसूऊ म्हणजे नगांची संख्या, कोओसूऊ म्हणजे कामाला लागणारे मनुष्य-तास. दोन्ही शब्द दिवसातून वीसदा येतात. हानचोओने एकदा कोओसूऊ विचारला आणि याने नग मोजून सांगितले.

पण लेखी अहवालाची गोष्ट उलट. दुसऱ्या महिन्यात एका लॉटच्या पृष्ठभागावर ओरखडे सापडले आणि फुर्योओचा, म्हणजे सदोष मालाचा, अहवाल त्याने लिहिला: 'किझु गा त्सुइते इमासु', ओरखडा पडलेला आहे. त्याच गटातल्या, इंग्रजीतून जपानी शिकलेल्या दुसऱ्या परदेशी सहकाऱ्याने आधी 'किझु ओ त्सुकेमाशिता' लिहिलं होतं: ओरखडा पाडला. कुणी पाडला, हा प्रश्न त्यावरून अर्धा तास चालला. पहिल्या वाक्यात माल कोणत्या अवस्थेत सापडला एवढीच नोंद आहे, दुसऱ्यात कुणाच्या तरी हातावर ठपका. पडणे-पाडणे घरात ऐकलेल्या माणसाला हे कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. अहवाल लिहिण्याचं काम तेव्हापासून बहुतेक त्याच्याकडेच येतं.

मराठी जिथे आडवी येते

हे मी त्याला जाण्याआधी सांगितलं होतं, पण सवय जात नाही. आपण साहेबांना अदबीने म्हणतो, "मी करून देतो, साहेब." यात उद्धटपणा कसला? जपानीत 'करून देतो'चं थेट रूप 'शिते आगेमासु', आणि वरिष्ठाला ते उपकार केल्यासारखं लागतं. तिथे नुसतं 'शिमासु', करतो, म्हणायचं किंवा नम्रतेचं वेगळं रूप वापरायचं. व्याकरण जुळलं की आदबही जुळेल असं वाटत राहतं, आणि तिथेच फसगत होते.

दुसरं फोनचं. आपल्याकडे बाहेरच्या माणसाने विचारलं तर आपण म्हणतो, "साहेब बाहेर गेलेत." स्वतःच्या साहेबाला मान दिला नाही तर आपणच वाईट दिसतो. जपानीत बाहेरच्यासमोर आपली कंपनी म्हणजे आपलं घर, आणि घरच्या माणसाला मोठेपणा द्यायचा नाही. साहेबांच्या नावापुढचं 'सान', म्हणजे आपल्या 'जी'सारखं आदराचं शेपूट, काढायचं आणि क्रियापदही नम्रतेचं वापरायचं. याने एका पुरवठादाराला साहेबांबद्दल 'इराश्शाइमासेन' असं मानाचं क्रियापद वापरून ते जागेवर नसल्याचं सांगितलं. तिथे 'ओरिमासेन' हवं होतं. पलीकडचा माणूस काही बोलला नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने फोन ठेवल्यावर एका चिठ्ठीवर योग्य वाक्य लिहून दिलं, कांजीवर बारीक 'काना' अक्षरांत उच्चार घालून.

ती चिठ्ठी त्याने मला फोटो काढून पाठवली. खाली त्याचा प्रश्न होता: एन३ ची तयारी सुरू करू, की आधी हे? एन३ मध्येही बोलण्याची परीक्षा नाही, आणि कंपनीने सध्या तरी ती मागितलेली नाही. मी कळवलं, डिसेंबरचा अर्ज या खेपेला भरू नकोस, रोज सकाळचा पहिला फोन तू उचल. तो तयार आहे. हानचोओने मात्र अजून हो म्हटलेलं नाही.